मन फिरलं

आमच्या घरात ‘मन फिरलं’ हे चांगल्या अर्थानं म्हणत. बाहेर कुणी तसं म्हणत नाही हे मला ठाऊक होतं, पण त्या वयात आपल्या घरातलं तेवढं खरं आणि बाहेरचं जग जरा अडाणी, असंच वाटत असतं. हा शब्द बाबांनी घरात आणला. तो ग्रीकमधून आणला असं ते म्हणायचे. शाळेत मी मुलींना ‘माझे बाबा ग्रीक वाचतात’ एवढंच सांगून थांबायची, कारण ग्रीक म्हणजे काय असं कुणी विचारलं असतं तर मलाही धड सांगता आलं नसतं. पुढं आयुष्यभर मी मराठी शिकवली, शब्दांच्या अर्थच्छटा फळ्यावर लिहून मुलांची डोकी खाल्ली. पण ‘फिरणे’ हे क्रियापद आलं की माझा हात आजतागायत जरा थांबतो. का थांबतो ते कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगून कुणाचं काही बिघडेल अशी माणसं उरलेली नाहीत.

बाबा ईट नावाच्या गावी मिशनचे उपदेशक होते. गाव त्यांना पाद्रीमास्तर म्हणायचं, कारण आठवडाभर ते वस्तीतल्या मुलांना शिकवत आणि रविवारी उपासना घेत. आमचं घर गावाच्या उगवतीला, महारवाड्याला लागून होतं. आजोबा त्याच वस्तीतले, त्यामुळं पाटलाच्या विहिरीवर आम्हाला जी वागणूक मिळायची ती वस्तीला मिळायची तीच. येशूचं नाव घेतल्यानं त्यात फरक पडला नव्हता. घराला दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. तीच शाळा, तेच प्रार्थनामंदिर, आणि सुगीत तिथंच ज्वारीची पोती. पडवीपुढच्या लिंबाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा तारेनं टांगलेला होता. बाबा तो लोखंडी कांबीनं वाजवायचे. त्याचा आवाज असा खणखणीत होता की पलीकडच्या मळ्यातले लोक त्यावर बैल सोडायचे, आणि रविवारीही सोडून बसायचे. सकाळी त्या घंटेच्या आधी जात्याचा आवाज असे. आई दळायला बसली की गप्प दळायची. आत्या आल्यापासून मात्र जात्यावर ओव्या आल्या. चाल जुनीच, नावं तेवढी बदललेली. मरियेच्या बाळाला ती खुशाल अंगडं-टोपडं घालायची आणि त्याच्या कपाळाला काजळाची तीटही लावायची. बाबा अंथरुणातून म्हणत, “केसर, तीट कुठं लिहिलीय शास्त्रात?” आत्या म्हणायची, “लिवायचं राहिलं आसंल, दादा. लिवनारे बापे व्हते.”

केसरआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. ती खर्ड्याला दिली होती. खर्डा आमच्यापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, पण मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता. अलीकडं निजामाचं राज्य, पलीकडं इंग्रजाचं. तिचे यजमान, आमचे दाविदमामा, तिथल्या शाळेत मास्तर होते. उंच, देखणे, आवाज गोड आणि राग नाकावर. त्यांची लहानगी मुलगी तापानं गेली. तिला मातीला देऊन आल्यावर मामा चारचौघांसमोर आत्याला म्हणाले, “तुझ्या हयगयीनं गेली.” आणि संध्याकाळी तिची पत्र्याची पेटी उचलून अंगणात ठेवली. आत्यानं पेटी डोक्यावर घेतली आणि भावाच्या घराची वाट धरली. नाक्यावर सगळ्यांची गाठोडी सोडून बघायचे, कापड, रॉकेल, मीठ काही चोरून नेतंय का म्हणून. तिथले मुन्शी दस्तगीरचाचा आमच्या ओळखीचे होते. त्यांनी तिच्या तोंडाकडं बघितलं आणि शिपायाला म्हणाले, “जाने दो, अपने मास्तर की भैन है.” हे आत्यानंच आम्हाला पुढं सांगितलं. त्या सबंध दिवसातली सांगण्याजोगी गोष्ट तिला तेवढीच वाटली असावी.

तर तो शब्द. योहान बाप्तिस्मा करणारा रानात उभा राहून लोकांना जे ओरडून सांगतो, त्याला मराठी शास्त्रात पश्चात्ताप म्हटलं आहे. बाबांना हे पटत नसे. नगरला धर्मशिक्षण घेताना त्यांना थोडं ग्रीक शिकवलं होतं आणि मूळ भाषेतला नवा करार त्यांच्यापाशी होता. कापडी पाठीचा, कोपरे कुरतडलेला. मूळ शब्द मेतानोइया. ‘मेता’ म्हणजे मागाहून किंवा पालटून, आणि दुसरा भाग म्हणजे मन, समज. “यात ताप कुठं आहे?” ते आईला विचारत. “बैल स्वस्तात विकला की माणूस पस्तावतो. म्हणून त्याचं मन पालटतं का? पुढच्या बाजारी संधी मिळाली तर तो दुसऱ्याचा बैल स्वस्तात घेतोच.” आई चुलीपुढं हुलग्याचं माडगं ढवळत असायची. ती म्हणायची, “वाढू का? की आधी बैलाचं मिटवताय?”

बाबांची ही अडचण अखेर दस्तगीरचाचांनी सोडवली. नाक्यावर एकदा त्यांनी बाबांच्या पिशवीतून ते पुस्तक काढलं, उलटंसुलटं करून बघितलं. “क्या मास्तर, ये कौन सी जबान?” बाबा म्हणाले, “युनानी.” ग्रीकला उर्दूत युनानी म्हणतात आणि गावोगावच्या हकिमाच्या औषधालाही युनानीच म्हणतात. चाचा खूश झाले. “अच्छा! तो इसमें मेरी खाँसी का नुस्खा देखो ना.” दोघं पोट धरून हसले. मग चहा झाला आणि बाबांनी त्यांना विचारलं, पापी माणूस सुधारतो त्याला तुमच्यात काय म्हणतात. चाचा म्हणाले, “तौबा. तौबा मतलब फिरना. आदमी गलत रस्ते गया, समझ में आया, वापस फिरा. रोना-धोना बाद में.” बाबा त्या दिवशी घरी आले ते चप्पल न काढताच आत आले. “फिरणं!” ते म्हणाले. “शब्द सापडला. मन फिरणं. मन फिरवा, राज्य जवळ आलंय!” नगरला शास्त्राचं भाषांतर तपासणारी काही शिकलेली मंडळी होती. त्यांच्यापुढं हा शब्द मांडायचा, असं बाबांनी ठरवून टाकलं. त्यांच्या आयुष्यातली ती एकच मोठी आकांक्षा मी पाहिली.

आईनं मात्र लगेच नाक मुरडलं. “आपल्यात हे चांगल्या अर्थानं कुणी म्हणत न्हाय. नवऱ्याचं मन फिरलं म्हणलं की बाईच्या पोटात गोळा येतो. फिरलं म्हंजे उडालं.” बाबा म्हणाले, “वापरून वापरून सरळ होतो शब्द.” आणि त्यांनी तो वापरायला सुरुवात केली. दारू सोडलेल्या लक्ष्याचं मन फिरलं. भांडलेल्या जावा एका पंक्तीला बसल्या, त्यांचं मन फिरलं. पडवीत लोक आधी गोंधळून एकमेकांकडं बघायचे. आम्हा घरच्यांच्या मात्र तो तोंडात बसला. आत्याच्या तर सगळ्यांत लवकर. आमची एक द्वाड शेळी होती, दावं तोडून पळायची आणि दिवस कलला की आपण होऊन दारात येऊन उभी राहायची. आत्या पदर खोचून तिच्या पुढ्यात पाला टाकत म्हणायची, “आली का बया! फिरलं का मन?” बाबा हसायचे आणि म्हणायचे, बघा, केसरला कळलं, तर नगरच्या पंडितांना का कळणार नाही. हे शेळीचं मी इथं लिहिते आहे खरं, पण मधल्या सगळ्या वर्षांत ते मला एकदाही आठवलं नव्हतं. अपराधी माणसाला स्वतःच्या सोयीचंसुद्धा आठवत नाही.

त्या हिवाळ्यात भूमला एक दवाखान्याच्या बाई आल्या होत्या. तेलंगणात महारोग्यांसाठी एक मोठा दवाखाना होता, तिथं शुश्रूषा शिकायला धीराच्या बायका हव्या होत्या. बाई आमच्याकडंही येऊन गेल्या. आत्याला त्यांनी अंगणात बसवून बरंच विचारलं आणि जाताना म्हणाल्या, शनिवारी दुपारच्या सर्व्हिस मोटारीनं मी परत निघते, यायचं असेल तर भूमला ये. त्या संध्याकाळी आत्याच्या भाकरीचा आवाज वेगळा वाटला, जरा जोरात थापल्यासारखा. बाबांना तो विचार पसंत नव्हता. बहिणीचा मोडलेला संसार सांधायचा, हे ते भावाचं काम समजत आणि उपदेशकाचंही. “आधी दाविदला भेटून येतो,” ते म्हणाले. “त्याचं मन फिरलं असेल तर तू जाशील ना, केसर?” आत्या तव्यावरची भाकरी उलथत म्हणाली, “व्हय दादा.” “आणि नसेल फिरलं तर तू त्या बाईंबरोबर जा, मी अडवणार नाही.” ती पुन्हा म्हणाली, “व्हय दादा.” बाबांनी हे मला ऐकवून ठेवल्यासारखं दोनदा म्हटलं. मी तेरा-चौदा वर्षांची होते आणि मला खर्ड्याच्या पुढं नगरच्या वसतिगृहात घालायचं चाललं होतं, म्हणून ती वाट तरी बघून ठेव म्हणत बाबांनी मलाही बरोबर घेतलं.

मामा घरी एकटेच होते. अंगण झाडलेलं, पण तुळईला बांधलेला पाळणा तसाच, रिकामा. बाबांनी फार उपदेश केला नाही, हे मला अजून आठवतं. त्यांनी फक्त विचारलं, “कसं चाललंय, दाविद?” आणि तो एवढा उंच माणूस उंबऱ्यावर बसून लहान मुलासारखा रडायला लागला. “माझं चुकलं. ताप तर सगळ्या गल्लीत होता. मी तिच्यावर ढकललं. दादा, मला तिच्या पाया पडायचंय.” मी पाळण्याच्या दोरीशी खेळत उभी होते, ती सोडून दिली. मोठ्या माणसाला असं रडताना मी आधी पाहिलं नव्हतं. बाबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, “बघ एस्तू, याला म्हणतात मन फिरणं.” ठरलं की मामांनी रविवारी यायचं आणि आत्याला घेऊन जायचं. बाबांना तिथल्या मंडळीनं एका आजारी माणसासाठी थांबवून घेतलं. ईटचे एक ओळखीचे म्हातारा-म्हातारी गाडीनं परत निघाले होते, त्यांच्या गाडीत बाबांनी मला बसवलं. “आत्याला सांग, मामा रविवारी येतायत. आज पोचल्या पोचल्या सांग. तिला उद्या ठरवायचंय.” “सांगते,” मी म्हणाले.

वाटेत हुरड्याचे दिवस. गाडीवाल्या म्हातारबाबांनी एका शेताजवळ गाडी सोडली, आगटी पेटवली, कणसं भाजून हातावर चोळून दिली. त्या हुरड्याच्या आणि लसणाच्या चटणीच्या वासात बसून मी तो निरोप मनात घोळवत होते, आणि घोळवता घोळवता त्याला सजवत गेले. मामा येतायत हे आधीच सांगून टाकलं तर रविवारची गंमत काय राहिली? आत्या अशी चुलीपुढं बसलेली असेल, घंटा होईल, आणि दारात मामा! मी तेवढ्यापुरतं फक्त ‘मन फिरलं’ एवढंच सांगायचं ठरवलं. आणि तेही जरा तोंड पाडून, म्हणजे रविवारी आणखी मजा. यात आत्याच्या शनिवारचं काय, हा विचार मला शिवला नाही. बाबांनी तर ते इतकं स्पष्ट सांगितलं होतं. मी तो शब्द मनाशी म्हणत होते आणि मला वाटत होतं की एवढा मोठा शब्द तोंडात असताना ‘रविवारी येतायत’ असलं साधं कशाला सांगायचं. शिकलेपणाची हौस मला त्या वयातच लागली होती, आणि ती काही फार चांगली गोष्ट नव्हती.

घरी पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. आई एका बाळंतपणाला गेली होती. सुईण म्हणून तिला वस्तीत बोलावणं यायचं. आत्या एकटीच चुलीपुढं. मला बघून तिनं परातीतले हात तसेच ठेवले. “काय म्हनले गं?” तिनं विचारलं. मी हातपाय न धुताच उंबऱ्याशी उभी राहिले, मान खाली घातली आणि बाबांसारखा आवाज काढून म्हणाले, “मामांचं मन फिरलं, आत्या.”

ती माझ्याकडं बघत राहिली. मी हसू दाबायला ओठ चावत होते. मग तिनं पिठाचा गोळा घेतला, थापला, तव्यावर टाकला, पाणी फिरवलं. “आनि काय म्हनले?” “एवढंच,” मी म्हणाले. “बरं,” ती म्हणाली. “बस जेवायला. दमली असशील.” तिनं मला तव्यावरची भाकरी वाढली, वर जवसाची चटणी, त्यात करडईचं तेल ओतलं, नेहमीपेक्षा जास्त. माझ्या डोक्यावरून तिचा पिठाचा हात फिरला, केसांना पीठ लागलं म्हणून मी कुरकुरले. पोटभर जेवून मी तिथंच लवंडले ते एकदम उजाडल्यावर उठले. जात्याचा आवाज नव्हता. आई पडवीच्या पायरीवर डोळे पुसत बसली होती. ती बाळंतिणीकडून परतली तेव्हा आत्याची पेटी भरून झाली होती. “त्यांचं मन फिरलं म्हनं, वैनी,” एवढंच आत्यानं तिला सांगितलं. आईनं त्याचा अर्थ आईच्याच भाषेत घेतला, दोघी गळ्यात पडून रडल्या, आईनं धपाटे करून फडक्यात बांधून दिले आणि भूमला जाणाऱ्या गाडीत तिला बसवलं. मी विचारलं, “आत्या कुठं गेली?” आई म्हणाली, “जिथं तिला कुणी टाकून बोलणार न्हाय तिथं.” मला तेव्हाही नीट कळलं नाही. कळलं ते हळूहळू, दात घासताना, आणि मग मी तोंडातली राखुंडी थुंकायची विसरून उभीच राहिले. कुणाला तरी सांगायला हवं होतं. गाडी गाठता आली असती. पण मी शेळीच्या गोठ्यामागं जाऊन बसले आणि दुपार होईपर्यंत बाहेर आले नाही.

रविवारी बाबांनी घंटा केली आणि थोड्या वेळानं दाविदमामा आले. धुतलेलं धोतर, डोक्याला तेल, काखेत हिरव्या लुगड्याची घडी. माझ्या मनातल्या चित्रात होतं अगदी तसे दारात उभे राहिले. आई त्यांना बघून मागं सरली. बाबा आदल्या रात्री, मी झोपेचं सोंग घेऊन पडले असताना, परतले होते तेव्हा आईनं त्यांना आत्या गेल्याचं सांगितलं होतं आणि ते डोकं धरून म्हणत होते की असं कसं, असं कसं. आता तिघांनी मिळून माझ्याकडं पाहिलं. बाबांनी विचारलं, “एस्तू, तू तिला काय म्हणालीस? शब्दाला शब्द सांग.” मी सांगितलं. रविवारचं सांगितलं नाही हेही सांगितलं. बाबांनी मला मारलं नाही, रागावलेही नाहीत. ते मामांकडं वळून म्हणाले, “दाविद, निरोप पोचवण्यात माझी चूक झाली. माझ्या शब्दानं घोटाळा केला.” पोरीची चूक असं म्हणाले नाहीत. त्या दिवशी उपासनेत बाबांनी योहानाचा तोच भाग वाचला आणि सगळ्या मंडळीसमोर ‘पश्चात्ताप’ असं वाचलं, छापल्याप्रमाणं. त्यानंतर त्यांच्या तोंडून ‘मन फिरणं’ मी कधीच ऐकलं नाही. नगरच्या मंडळींपुढं त्यांनी काही मांडलं नाही. ग्रीक पुस्तक कोनाड्यात वर गेलं आणि त्याच्यावर आईनं सुपाऱ्यांचा डबा ठेवला.

बाबांनी आत्याला कळवलं, सगळं खुलासेवार. तिचं उत्तर आलं की झालं ते झालं, आता इथं हात घातलाय तो सोडवत नाही. उन्हाळ्यात मामा स्वतः जाऊन आले. आंब्याच्या झाडाखाली बसून बोलली म्हणे त्यांच्याशी, पाणी दिलं, जेवू घातलं, आणि मोटारीपर्यंत पोचवलं. लुगडं ते परत घेऊन आले. मग रझाकारांची धामधूम सुरू झाली, नाका बंद झाला, आम्हीही काही महिने खर्ड्याला जाऊन राहिलो, मामांच्याच घरी. पोलीस ॲक्शननंतर परत आलो तेव्हा दस्तगीरचाचांच्या दाराला कुलूप होतं. ते कुठं गेले हे बाबांनी खूप जणांना विचारलं. कुणी सांगितलं नाही, की सांगायचं नव्हतं, कोण जाणे. बाबा म्हणायचे, तो शब्द त्या माणसाचा होता, त्याला तरी मी जपायला हवं होतं.

मामा दर नाताळाला यायचे. एकटेच. माझ्यासाठी पेपरमिंटच्या गोळ्या आणायचे, मी मोठी झाले, शिक्षिका झाले तरी गोळ्याच. त्यांनी पुन्हा घर केलं नाही. रविवारचं मी गमतीसाठी मुद्दाम गाळलं आणि वर तोंड पाडलं, हे त्या दिवशी मी सांगितलं नव्हतं, त्यामुळं ते त्यांना ठाऊक नव्हतं. बाबांची चूक म्हणून त्यांनी ऐकलं आणि बाबांनी ती आपल्याच नावावर ठेवली. मी गोळ्या घ्यायची आणि मागच्या दारी जाऊन शेळीला घालायची. माझ्या लग्नात आत्या आली नाही, तिकडं साथ होती. मला आतून बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून रात्रभर लाज वाटली. पुढं मी तिच्याकडं जायचं टाळत राहिले. कधी परीक्षा, कधी मुलं, कधी उन्हाळा. आधी मामा गेले, मग बाबा गेले. बाबा शेवटच्या दुखण्यात एकदा म्हणाले, “शब्द चांगला होता गं. पण आपल्या बायकांना कळला नसता. तुझी आई म्हणत होती तेच खरं.” मी त्यांच्या पायाला तेल लावत होते. तेव्हाही मी म्हणाले नाही की बाबा, शब्दाचं काही चुकलं नव्हतं, माझं चुकलं होतं.

मी आत्याकडं गेले ते निवृत्त झाल्यावर. ती दवाखान्याच्या आवारातल्याच एका खोलीत राहत होती, उभा जन्म तेलुगूत बोलून गेला तरी मला बघताच आपली बोली जशीच्या तशी. अंगानं सुकलेली, हात मात्र तेच. तिनं स्टोव्हवर भाकरी केली. तिथं ज्वारी मिळायची नाही, तिनं कुणाकडून तरी मागवून ठेवली होती. मी ताटावर बसले आणि एकही घास न घेता सगळं बोलून टाकलं. हुरडा, गंमत, तोंड पाडणं, गोठ्यामागं लपून बसणं. रडत होते, वयाला न शोभेल इतकं.

आत्यानं तवा उतरवला. स्टोव्ह बंद केला. मग म्हणाली, “एस्ते, शेळीला कोन म्हनायचं गं, फिरलं का मन?”

मी डोळे पुसून तिच्याकडं पाहिलं.

“म्याच ना?” ती म्हणाली. “दादांच्या घरात त्या शब्दाचा मतलब काय, हे मला म्हाईत नव्हतं व्हय? आन् तू तोंड पाडलं व्हतंस, पन डोळं हसत व्हते. म्या बघितलं आन् वळखलं. मानूस सुधारलंय. येनार न्यायला.”

“मग?”

“मग काय. दादांना म्या व्हय म्हनले व्हते. त्यांचं मन फिरलं तर जाईन. त्यांचं फिरलं. माझं न्हाय फिरलं. ज्या अंगनात माझी पेटी ठिवली त्या अंगनात मला परत पाय ठिवायचा नव्हता. पन ते दादांना सांगितलं असतं तर? शास्त्र काडलं असतं. क्षमा कर म्हनले असते, आन् म्या केली असती, जित्यापनी मेल्यावानी ऱ्हायले असते. तू शब्द दिलास. त्याचा बाहेरचा मतलब घिऊन म्या भाईर पडले.” ती माझ्या ताटात चटणी वाढायला लागली. “तुमी समदी मला बिचारी म्हनत व्हता. बिचारीला कुनी माघारी जा म्हनत न्हाय.”

मला राग आला. मी तो लपवला नाही. एवढी वर्षं मी जे छातीवर वाहिलं त्याचं काय, मामांच्या त्या एकट्या नाताळांचं काय, असं मी तिला विचारलं. तिनं चटणीची वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, “त्यांना म्या त्या आंब्याखाली खरं सांगितलं व्हतं. म्हनून तर त्यांनी कुनाला दोस दिला न्हाय. तुझंच राहिलं. तू पोर व्हतीस, पोरं इसरत्यात, आसं धरून चालले. तुझ्याकडं निरोप धाडायला पायजे व्हता. त्ये माझं चुकलं, बाय.” आणि तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. पिठाचा हात. या वेळी मी कुरकुरले नाही.

ती गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. माझं ओझं उतरलं असं मला लिहायला आवडलं असतं, पण ते फक्त दुसऱ्या खांद्यावर आलं. आत्याचं मी बिघडवलं नव्हतं, ते तिनंच घडवलं होतं. मी बिघडवलं ते बाबांचं. त्यांनी आपला शब्द कोनाड्यात ठेवला आणि तो आपल्या बायकांना कळत नाही असं समजून डोळे मिटले. तो ज्या एका बाईला जन्ममरणाच्या प्रश्नावर सांगितला गेला, तिला तो पहिल्या झटक्यात, अगदी बरोबर कळला होता. एवढंच त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. आत्या आणि मामा ते सांगणार नव्हते; आत्याकडून ऐकून सांगू शकणारी मी एकटीच होते, आणि मी आत्याकडं जायला उशीर केला.